अमीरपेटचे वर्ग आणि आयपी पत्त्यांचा हिशेब

हैदराबादच्या अमीरपेट भागात, मैत्रीवनम इमारतीच्या आसपास, सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण देणारे खासगी वर्ग दाटीवाटीने चालत आले असून, एकाच खोलीत सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक तुकड्या बसत असल्यामुळे तेथील लहानशा राउटरवर घरातल्या राउटरपेक्षा कितीतरी निराळा ताण पडतो. वायफायचा संकेत पुरेसा असूनही नव्या तुकडीच्या मोबाइलवर इंटरनेट सुरू होत नाही, तेव्हा दोष सेवा पुरवणाऱ्या कंपनीला दिला जातो. मात्र पुष्कळदा राउटरजवळचे देण्याजोगे पत्तेच संपलेले असतात.

जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला ओळखीसाठी एक क्रमांक लागतो व त्यालाच आयपी पत्ता म्हणतात. हे पत्ते आपोआप वाटून देणाऱ्या पद्धतीचे नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, म्हणजे डीएचसीपी. तिच्यापूर्वी, 1985 मध्ये, बूटपी ही पद्धत मांडली गेली होती. परंतु तीत कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा याची यादी सामान्यतः माणसालाच आधी करून ठेवावी लागे. ऑक्टोबर 1993 मध्ये राल्फ ड्रॉम्स यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या डीएचसीपीच्या मसुद्याने पत्ता ठरावीक मुदतीपुरता देण्याची आणि मुदत संपताच तो दुसऱ्याला देण्याची सोय केली. मार्च 1997 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि आजचे राउटर मुख्यतः तिच्याच आधारे चालतात.

देवाणघेवाण चार संदेशांत पुरी होते. नव्याने जोडलेल्या उपकरणाला स्वतःचा पत्ता नसल्यामुळे ते पत्ता देणारे कोणी आहे का, अशी हाक साऱ्या जाळ्याला घालते. राउटर एक पत्ता देऊ करतो. उपकरण त्याची रीतसर मागणी करते आणि राउटर मंजुरी कळवतो. याच वेळी बाहेरच्या जगाकडे जाण्याचा मार्ग कोणता आणि संकेतस्थळांची नावे क्रमांकांत बदलून देणारा सर्व्हर कोणता, हेही उपकरणाला सांगितले जाते. उत्तरच मिळाले नाही, तर विंडोजवर चालणारा संगणक 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. तो दिसला की वाटप अडले आहे, असे समजावे.

घरगुती राउटरवर साधारणतः 192.168.1 ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात, त्यांतील 254 वापरता येतात आणि एक राउटर स्वतःकडे ठेवतो. व्यवस्थापनाच्या पानावर त्यांपैकी 50 पासून 249 पर्यंतचा पल्ला वाटपासाठी ठरवला, तर 200 पत्ते हाती राहतात. आता एका तुकडीत 40 विद्यार्थी असून प्रत्येकाजवळ मोबाइल व लॅपटॉप आहे असे धरले, तर तिला 80 पत्ते लागतात. आणि लीज टाइम, म्हणजे पत्त्याची मुदत, 24 तासांची असेल तर तिसऱ्या तुकडीची गरज 240 वर जाऊन पत्ते कमी पडतात, कारण निघून गेलेली उपकरणे बहुधा पत्ता परत केल्याचे कळवत नाहीत. मुदत एका तासावर आणली की निम्मी मुदत सरताच हजर उपकरणे तिचे नूतनीकरण करून घेतात, गेलेल्यांचे पत्ते तासाभरात मोकळे होतात आणि तेच 200 पत्ते दिवसभर पुरतात. अशा ठिकाणी महागडा राउटर घेण्याआधी हा एक आकडा बदलून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांचे पत्ते मात्र बदलता कामा नयेत. ते त्या यंत्रांतच हाताने भरायचे असतील तर वाटपाच्या पल्ल्याबाहेरचे घ्यावेत, नाहीतर तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही दिला जाऊन दोन्ही अडखळतात. याहून चांगला उपाय म्हणजे राउटरमधील अॅड्रेस रिझर्वेशन, ज्यात यंत्राच्या मॅक क्रमांकाशी, म्हणजे त्याच्या नेटवर्क भागाच्या ओळख-क्रमांकाशी, पत्ता बांधून ठेवला जातो.

सर्वांत त्रासदायक घोटाळा दुसऱ्या राउटरमुळे होतो. संकेत दूरच्या खोलीत पोहोचावा म्हणून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून आणखी एक राउटर आणला जातो, त्याची तार लॅनच्या खाचेत बसवली जाते आणि त्यातील डीएचसीपी चालूच राहते. मग दोघेही पत्ते वाटू लागतात आणि ज्यांना दुसऱ्याकडून बाहेर जाण्याचा चुकीचा मार्ग मिळतो, त्यांचे इंटरनेट बंद पडते. म्हणून दुसरा राउटर असा जोडण्यापूर्वी वर्गचालकांनी त्यातील डीएचसीपी बंद करून घ्यावी, त्याला 192.168.1.2 सारखा पल्ल्याबाहेरचा वेगळा पत्ता द्यावा आणि तो राउटरवरच चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवावा.