घोडी, पडदा आणि जवारी : विद्युत-गिटारीच्या मराठी परिभाषेचा प्रश्न

एखादे परके वाद्य विकत घेऊन वाजविणाऱ्यास त्याच्या नावापलीकडे फारसे शब्द लागत नाहीत. तेच वाद्य घरी घडवावयाचे ठरले म्हणजे मात्र निराळी स्थिती उत्पन्न होते. मग त्याच्या प्रत्येक अवयवाला, प्रत्येक सांध्याला आणि विशेषतः त्याच्या प्रत्येक दोषाला नाव असावे लागते. कारण ज्याला नाव नाही तो दोष शिष्याला दाखविता येत नाही. विद्युत-गिटार घरच्या कार्यशाळेत, वाजविणाऱ्याच्या हाताच्या मापाने घडविणे हा उद्योग आज जगभर चालतो आणि त्याविषयीचे लेखन बहुतांशी इंग्रजीत आहे. भोर किंवा वेल्हे तालुक्यातील एखाद्या घराच्या पडवीत असा उद्योग मांडावयाचा झाल्यास तो मराठीत कितपत बोलता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हे दोन तालुके (त्यांपैकी वेल्ह्याचे नाव २०२५ मध्ये राजगड झाले) उदाहरणादाखल घेण्याचे कारण असे, की तारा, मोटरी व विजेचे किरकोळ सामान मिळण्याइतके पुणे तेथून जवळ आहे, आणि सह्याद्रीचा पाऊस लाकडाची परीक्षा घेण्याइतका दांडगा आहे.

प्रथम नावाविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'सतार' आणि 'गिटार' या दोन शब्दांतील 'तार' एकच आहे, असे पुष्कळांस वाटते. सतार हा शब्द फारसी 'सेह-तार', म्हणजे तीन तारांचे वाद्य, यावरून आला, हे खरे. गिटारीचे मूळ मात्र ग्रीक 'किथारा' या शब्दात असून तो अरबी व स्पॅनिश भाषांतून पुढे युरोपभर पसरला. तिच्यातील शेवटच्या अक्षरांचा तारेशी संबंध नाही. मराठीने मात्र हा संबंध आपल्यापुरता जोडून टाकला आहे. सतार, वीणा यांच्या पंक्तीस बसवून पुष्कळ लोक गिटारीलाही स्त्रीलिंगी करतात. लोकव्युत्पत्ती शास्त्रदृष्ट्या चुकीची असली तरी व्याकरणावर तिची सत्ता चालते, याचे हे एक लहानसे उदाहरण होय.

सुतारकामापुरती परिभाषेची अडचण मुळीच नाही. रंधा, पटाशी, वाकस, कानस, गुण्या, गिरमिट हे सारे शब्द घरचेच आहेत. गिटारीची दांडी अंगास दोन रीतींनी जोडतात. एका रीतीत दांडीच्या टोकाला कुसू काढून तो अंगात कोरलेल्या सालेत सरसाने बसवितात. दुसरीत दांडी स्क्रूंनी आवळतात. १९५० मध्ये बाजारात आलेल्या फेंडर गिटारींनी ही दुसरी रीत रूढ केली, आणि हौशी कारागिराला तीच सोयीची पडते, कारण दांडी बिघडल्यास ती काढून दुसरी लावता येते. पहिल्या रीतीचे वर्णन तर भोरमधील दरवाज्याच्या चौकटी करणाऱ्या सुतारास एका वाक्यात कळेल.

लाकडाच्या बाबतीत वनस्पतिशास्त्र आपल्या मदतीस येते. गिटारीच्या अंगासाठी नावाजलेले महोगनी आणि सतार-तंबोऱ्याच्या दांडीसाठी वापरले जाणारे तून ही दोन्ही लाकडे एकाच कुळातील, म्हणजे आपल्या कडुलिंबाच्या कुळातील आहेत. दांडीवरील पट्टीसाठी जगभर ज्याला मागणी आहे ते भारतीय रोझवुड म्हणजे सह्याद्रीत वाढणारा शिसव. ब्राझीलमधील शिसव दुर्मीळ होऊ लागला तेव्हा, १९६९ च्या सुमारास, अमेरिकेतील मार्टिन या प्रसिद्ध गिटार-कंपनीने आपल्या शिसवाचा आश्रय घेतला. पुढे २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधाखाली आला व २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. सागही चालतो, मात्र त्यातील तेलकटपणामुळे सरस धरत नाही, म्हणून जोडाचे पृष्ठ ऐनवेळी रंधून पुसून घ्यावे लागते.

यात पावसाची गोष्ट उपेक्षणीय नाही. लाकूड हवेतील ओल पिऊन फुगते ते तंतूंच्या आडव्या दिशेने. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे श्रावणात वेल्ह्याला तयार केलेल्या दांडीची रुंदी उन्हाळ्यात किंचित आकसते आणि धातूच्या पट्ट्यांची टोके कडेला बाहेर येऊन वाजविणाऱ्याचा तळहात ओरबाडतात. शिवाय सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलोग्रॅम भरतो आणि दांडीला सतत पुढे वाकवू पाहतो. त्यावर उपाय म्हणून दांडीच्या पोटात पोलादी सळई घालून ती किल्लीने आवळतात. या युक्तीचे एकस्व गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू याने १९२० च्या दशकात मिळविले. सतारीत अशी सळई नसते, त्यामुळे तिच्यासाठी तयार शब्दही नाही. 'ताणसळई' हा शब्द मी सुचवितो.

जेथे सुताराचे शब्द संपतात तेथे मिरजेचे सुरू होतात. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांच्यापासून सुरू झाली असे मानतात. ते शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व चकाकी देणाऱ्या समाजातले होते. फारसी-अरबी 'सैकल' याचा अर्थच घासून उजळणे. शस्त्रांचा धंदा बसला तेव्हा तेच हात तारांकडे वळले. पुढे या घराण्यांना 'सतारमेकर' असे नाव पडले. फारसी पूर्वपद, इंग्रजी उत्तरपद आणि मराठी उच्चार असा हा समास कोणत्याही परिभाषा-समितीला सुचला नसता! त्यांची वाद्येही घरालगतच्या खोल्यांतच घडत आली आहेत. तंबोरा ऐन गवयाच्या पट्टीला, स्त्रीस्वराला वा पुरुषस्वराला अनुसरून घडवावयाचा, त्यासाठी पंढरपूर परिसरातला जाड सालीचा भोपळा निवडावयाचा, हा मागणीबरहुकूम घडविण्याचा धर्म तेथे जुनाच आहे. विद्युत-गिटारीचा घरगुती कारागीर जे आज करू पाहतो ते स्वरूपतः निराळे नाही.

घराच्या कार्यशाळेतून केवढे वाद्य निघू शकते याचे विलायतेतील ख्यात उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. १९६३ मध्ये ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांच्या साहाय्याने घरीच विद्युत-गिटार घडविण्यास आरंभ केला. दांडी जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून काढली, दांडीवरील खुणांसाठी शिंपल्याची गुंडी वापरली आणि तारांचा ताण हलविणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटरसायकलीच्या स्प्रिंगा घातल्या. काम दोनेक वर्षे चालले. ज्या 'क्वीन' वाद्यवृंदात ही गिटार पुढे गाजली त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९५० च्या दशकात पाचगणीच्या शाळेत शिकत होता. भोरहून दक्षिणेस डोंगर ओलांडून वाईला उतरावे व तेथून घाट चढावा, की पाचगणी येते.

मिरजेच्या शब्दांपैकी दांडी, खुंटी, तबली हे शब्द गिटारीला सहज लागू पडतात. ज्या पट्टीवर तारा टेकतात तिला आपण 'घोडी' म्हणतो. इंग्रजी भाषा तेथे पूल पाहते, इटालियनही छोटा पूलच पाहते. परंतु फ्रेंचमध्ये तिचे नाव 'लहान घोडा' अशा अर्थाचे आहे, रशियनमध्ये 'लहान घोडी' अशा अर्थाचे आणि फारसीत 'खरक', म्हणजे छोटे गाढव. ओझे वाहणारे जनावर दिसले की पूल दिसला, या दोनच कल्पनांत या साऱ्या भाषा वाटल्या गेल्या आहेत. तेव्हा गिटारीच्या घोडीस 'सेतू' असा नवा संस्कृत शब्द घडविणे म्हणजे आपली जनावराची कल्पना सोडून इंग्रजीचा पूल उसना घेणे होय.

'पडदा' हा शब्द इतका सरळ नाही. फारसी व तुर्की भाषांतही तो वाद्यावरील स्वरस्थानासाठी योजतात. सतारीचा पडदा वक्र असून दोऱ्याने दांडीला बांधलेला असतो. राग बदलला की तो सरकविता येतो आणि कोमल ऋषभ किती कोमल, हे वादक ठरवितो. गिटारीचा पडदा अर्ध्या मिलिमीटरच्या सुमाराच्या खाचेत ठोकून कायमचा बसविलेला असतो. तो कोठे बसवावयाचा हे गणित ठरविते. तारेची खुली लांबी ६४८ मिलिमीटर धरल्यास तिला १७.८१७ ने भागावे, उत्तर ३६.३७ मिलिमीटर येते, तो पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागावे, म्हणजे दुसरा. याप्रमाणे बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर पडतो. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिली यांनी १५८१ मध्ये याच कामासाठी १८ हा भाजक सुचविला होता. त्याने बारावा पडदा मध्याच्या किंचित अलीकडे राहतो.

या समभागी विभागणीची किंमत द्यावी लागते. षड्जाशी शुद्ध संवाद साधणारा गांधार ३८६ सेंटवर असतो. गिटारीचा तो ४०० वर बसतो, आणि हे अंतर तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला झोंबते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने श्रुतींची मोजणी करून आपले पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले, ते याच सूक्ष्म अंतरांसाठी. तेव्हा 'पडदा' हा शब्द गिटारीसाठी ठेवावा, पण त्यात आजवर गृहीत असलेले 'सरकणे' गिटारीत संपले, हे कोशकाराने नोंदविले पाहिजे. 'पडदा बांधणे' आणि 'पडदा ठोकणे' ही दोन क्रियापदे हा भेद सहज राखतात.

आता 'जवारी'. माझ्या मते सर्व प्रश्नाचा गाभा येथे आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा अत्यंत सौम्य उताराचा असतो. कंप पावणारी तार त्या उताराला क्षणोक्षणी स्पर्श करीत राहते आणि तिच्यातून उपस्वरांचा झगमगाट उठतो. कारागीर कानशीने तो उतार साधतो, यास जवारी काढणे म्हणतात. या शब्दाचा संबंध 'जीव' या शब्दाशी जोडतात. 'संगीतरत्नाकरा'त तारेखाली घालावयाच्या बारीक तुकड्यास 'जीवा' अशी संज्ञा आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले, की तार जेथे छेडली तेथे ज्या उपस्वराचा निःस्पंद बिंदू येतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, हा जुना नियम वीणा व तंबोऱ्याच्या बाबतीत पाळला जात नाही. आणि त्याचे कारण ही घोडी आहे.

गिटारीत तारेने कशाला ओझरता स्पर्श केला तर तो दोष समजतात. पडदे समपातळीत नसले की तार पुढच्या पडद्याला घासून भणभणते, आणि कारागीर कानस घेऊन उंच पडदा उतरवितो. भौतिक घटना एकच, हत्यारही एकच. परंतु मिरजेचा कारागीर जे निर्माण करण्यासाठी कानस चालवितो तेच नाहीसे करण्यासाठी गिटारीचा कारागीर ती चालवितो. इंग्रजीत या घटनेचे दोषवाचक नाव तेवढे रूढ असल्यामुळे एक गंमत झाली. १९६७ मध्ये अमेरिकेत 'कोरल' नावाची विद्युत-सतार विक्रीस आली; ती वस्तुतः गिटारच असून तिला सपाट, रुंद घोडी लावली होती. जवारीचा गुण त्यांना हवा होता, शब्द मात्र नव्हता. म्हणून इंग्रजीत तशा घोडीला 'भणभणणारी घोडी' अशा अर्थाचे नाव पडले. आपल्याकडे गवयाच्या कंठालाही 'जवारीदार' म्हणून गौरविण्याची रीत आहे. घरच्या कार्यशाळेत अशी गिटार घडविणाऱ्या मराठी कारागिरास गुण आणि दोष यांसाठी दोन वेगळे शब्द उपजत मिळतात, हे थोडे भांडवल नव्हे.

विद्युत-भागात मात्र आपल्याजवळ जुने काही नाही. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. शिलाई यंत्राच्या मोटरीवर ते घरी गुंडाळता येतात. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेढ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅराडेने १८३१ मध्ये शोधलेले तत्त्व ते हेच. यास 'ध्वनिग्राहक' म्हणण्याचा मोह होतो, पण तो शब्द असत्य बोलतो. हे साधन ध्वनी ग्रहण करीतच नाही. ते पोलादाची हालचाल टिपते. सतारीच्या पितळी तारेखाली ते धरले तर जवळजवळ मूक राहते, ही परीक्षा विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावी. भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषेचे मोठे कार्य केले आहे. तथापि येथे संस्कृत धातूंकडे धाव न घेता 'पिकअप' तसाच ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने गावाचे नाव रक्षिले गेले. कारागिरांची क्रियापदे कोणत्याही मानांकनाच्या कक्षेत येत नाहीत, ती आपल्या विभागासारख्यांनी तेथे बसूनच टिपली पाहिजेत. आणि ती टिपताना नामांपेक्षा 'काढणे', 'बांधणे', 'उतरविणे', 'लावणे' यांकडे अधिक लक्ष द्यावे.

दोषांची नावे ठरविताना तर मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द फार उपयोगी पडावेत. पडद्याला घासणाऱ्या तारेची ती भणभण. एका गुंडाळीच्या पिकअपमधून घरातील विजेच्या ५० हर्ट्‌झ प्रवाहामुळे जो अखंड आवाज येतो ती गुणगुण. सेथ लव्हर याने १९५५ मध्ये उलट दिशेच्या दोन गुंडाळ्या जोडून ती मारण्याची युक्ती काढली. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणात धूळ बसली की येते ती खरखर, आणि सैल झालेल्या खुंटीची ती किणकिण. हे चार शब्द भोरच्या बाजारातील रेडिओ दुरुस्त करणाऱ्यासही समजावून सांगावे लागणार नाहीत.