परिषदेचा खर्च कोणाकडे मागावा?

कुटुंबसेवेचें काम वरवर पाहतां केवळ कळवळ्याचें वाटतें. पण कळवळ्यास ज्ञानाची जोड लागतेच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें पीडित स्त्रीस राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला. ज्या समुपदेशिकेस हें ठाऊक नाहीं, ती एखादीस विनाकारण घर सोडावयास सांगून बसेल. म्हणून अशा कार्यकर्त्यांच्या परिषदेस जाणें ही चैन नव्हे.

परंतु लहान संस्थेंतील कार्यकर्तीनें प्रवासखर्च पगारांतून कसा काढावा? प्रथम तिनें अंदाजपत्रक करावें: प्रवेशशुल्क, गाडीभाडें, निवास, भोजन आणि मागें काम पाहणारीचा मेहनताना. मग आयोजकांकडे शुल्कांत सवलत मागावी. उरलेली रक्कम आपली संस्था व एखादा धर्मादाय विश्वस्तनिधि यांजकडे वांटून मागावी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. तेथें मात्र एकटीच्या प्रवासासाठीं न मागतां संस्थेच्या चालू उपक्रमांतील शिक्षणाचा भाग म्हणून मागणी करावी.

अर्जांत मुख्य गोष्ट ही कीं, तेथून काय आणणार तें स्पष्ट लिहावें. परतल्यावर सहकाऱ्यांपुढें टिपण वाचावें, पावत्यांसह हिशेब द्यावा व उरलेला पैसा परत करावा. चोख हिशेब देणारीस पुढील खेपेस फार विनवावें लागत नाहीं. आणि तिनें आणलेल्या ज्ञानाचा लाभ दाराशीं आलेल्या दुःखी कुटुंबांस होतो.