धबधब्याकाठची शीळ

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना आमचा बेत साधा होता. मोठ्या धबधब्याखाली भिजायचे, गरम भजी खायची आणि संध्याकाळी परत. पण तिथली गर्दी आणि गाण्यांचा गोंगाट पाहून नाना म्हणाले, "पाखरं बघायची असतील तर आज इथंच राहा. पहाटे निघू."

फजरची नमाज पढून आम्ही हिरण्यकेशीच्या बाजूच्या रानवाटेला लागलो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. जुलैत इथे ढग अंगावरूनच चालतात. दुर्बिणीच्या काचा दहा मिनिटांत धुरकटल्या. पावसाळ्यात इथे पाखरू आधी कानांनीच शोधावे लागते.

एका ओहोळापाशी कुणीतरी शीळ घातली. सूर धड लागेना, पण थांबेचना. धाकटी म्हणाली, "कोण मुलगा आहे तिकडे?" नाना हसले. तो मलबारी शीळ कस्तुर होता. लांबून काळा वाटतो, उजेड पडला की कपाळावर आणि खांद्यावर निळी झाक चमकते. वाहत्या पाण्याजवळ, कड्याच्या कपारीत तो घरटे करतो.

थोरल्याने मोबाईलवर त्याच पक्ष्याची शीळ लावली. कस्तुर क्षणात समोरच्या खडकावर हजर! आम्ही फोटो काढले, पुन्हा लावायला सांगितले. हो, आम्हीच सांगितले. तिसऱ्या वेळी नानांनी हात धरला.

"त्याच्या चोचीत काय आहे, बघ."

चोचीत अळी होती. पिल्लांचा घास घेऊन तो आमच्याभोवती फिरत होता.

"त्याला वाटतंय, दुसरा नर त्याच्या हद्दीत शिरलाय. पोरं उपाशी ठेवून तो त्याला हाकलायला आलाय."

मोबाईल पिशवीत गेला. आम्ही पंचवीस-तीस पावले मागे सरून छत्र्यांखाली बसलो. थोरला गप्प होता. नानांनी त्याला रागावण्याऐवजी सलीम अलींची गोष्ट सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पाखरांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले. पुढे सारा जन्म पाखरांतच गेला.

"म्हणजे त्यांनीही आधी चूकच केली होती?" थोरल्याने विचारले. नानांनी उत्तर दिले नाही, बोट दाखवले.

कस्तुर पाण्याच्या पडद्याआड शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. थोड्या वेळाने पुन्हा घास घेऊन आला. पाच खेपा आम्ही मोजल्या.

उठलो तेव्हा नानांच्या पायाला तीन जळवा लागलेल्या. थोरल्याने मीठ टाकून त्या सोडवल्या. मागून शीळ पुन्हा सुरू झाली होती.