पाचशे सीसींचा जीर्णोद्धार

राजदूत, येझदी किंवा बजाजची जुनी स्कूटर ज्या घरात होती, त्या घराला टू-स्ट्रोक इंजिनाची ओळख करून देण्याचे कारण नाही. पंपावर पेट्रोलबरोबर मापाने ऑइल घालून घेणे, थंडीच्या सकाळी किक मारून घामाघूम होणे आणि मागे उठणारा निळसर धूर, हे सारे दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले होते. चेतकचे इंजिन दीडशे सीसीच्या आतले, येझदीचे अडीचशेचे. आता त्याच तत्त्वावर चालणारे, पण एकाच सिलिंडरमध्ये चारशे ते पाचशे सीसी सामावलेले यंत्र डोळ्यांसमोर आणावे. त्याला दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. पुढच्या पाटीवर केवळ स्पर्धेतील क्रमांक. युरोप-अमेरिकेत एके काळी अशी यंत्रे चढउतारांच्या, खाचखळग्यांच्या मातीतून धावत. आज ती दुर्मिळ झाली आहेत, आणि निवृत्तीच्या वयाला आलेली कितीतरी माणसे ती शोधून, उघडून, जुळवून पुन्हा मातीत उतरवीत आहेत.

अशा शर्यतीत मातीतील सूक्ष्म जीवांचे काय, हा प्रश्न या मासिकाच्या वाचकाला पडणारच, आणि तो अनाठायी नाही. मात्र येथे कौतुकाचा विषय शर्यत कमी आणि दुरुस्ती अधिक आहे. शर्यतीची मोटारसायकल मुळात एका हंगामापुरती बनवलेली असते. पुढच्या वर्षी नवे मॉडेल येते आणि जुने भंगारात किंवा कोठाराच्या कोपऱ्यात जाते. टिकण्यासाठी जे घडवलेच नव्हते ते टिकवायचे, तर नेमके काय टिकवायचे, हा प्रश्न यंत्राला हात लावणाऱ्या प्रत्येकाला सोडवावा लागतो.

इंग्लंडमध्ये १९२४ साली कॅम्बर्ली येथे झालेल्या शर्यतीपासून या खेळाची सुरुवात मानतात. इंग्रज त्याला ‘स्क्रॅम्बल’ म्हणत. ‘मोटोक्रॉस’ हे नाव फ्रेंचांकडून रूढ झाले. पाचशे सीसी वर्गाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५७ मध्ये सुरू झाली आणि पहिली काही वर्षे तीवर वजनदार फोर-स्ट्रोक यंत्रांचे राज्य होते. १९६४ आणि १९६५ अशी दोन वर्षे इंग्लंडच्या जेफ स्मिथने बीएसए कंपनीच्या तुलनेने हलक्या गाडीवर हा किताब मिळवला. तिच्याच धर्तीवर निघालेली ४४१ सीसीची ‘व्हिक्टर’ आजही संग्राहकांना हवीहवीशी वाटते. ती किक उलटी मारते, हे ठाऊक असूनही. स्मिथच्या यशाने उत्साहित झालेल्या कंपनीने १९६६ साली टायटॅनियमची चॅसी बनवली. ती हलकी होती यात शंका नाही. परंतु टायटॅनियमला तडा गेल्यास त्याचे वेल्डिंग निष्क्रिय वायूच्या आवरणातच करावे लागते. शेताच्या बांधावर ते कोण करणार? त्याच वर्षी पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रिडरिक्सने चेकोस्लोव्हाकियातील सीझेड कंपनीच्या टू-स्ट्रोक गाडीवर किताब जिंकला आणि पुढची दोन वर्षेही तो आपल्याकडेच ठेवला. सीझेड ही आपल्या जावाची देशभगिनी. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही जावा-येझदीची खूण. सीझेडच्या सुरुवातीच्या मोटोक्रॉस गाड्यांनाही असेच दोन पाइप होते. त्यानंतर फोर-स्ट्रोक गाडीला हा किताब पुन्हा मिळण्यासाठी १९९३ साल उजाडावे लागले.

मग जपानी आले. सुझुकीने बेल्जियमच्या रॉजर डी कोस्टरसाठी टायटॅनियम आणि मॅग्नेशियम सढळ हाताने वापरून इतकी हलकी गाडी बांधली, की आंतरराष्ट्रीय महासंघाला १९७३ पासून पाचशे सीसी वर्गासाठी किमान ९५ किलो वजनाचा नियम करावा लागला. डी कोस्टरने एकूण पाच वेळा हा किताब मिळवला. कारखान्याने खास आपल्या स्वारासाठी बांधलेल्या या गाड्या हंगाम संपल्यावर बहुधा मोडीत काढल्या जात. म्हणून त्यांतील एखादी वाचलेली सापडणे हा योगच. सामान्य गिऱ्हाइकाला मात्र सुझुकीने १९७१ मध्ये ‘टीएम ४००’ विकली. तिचे इंजिन अचानक, सूचना न देता, सारी ताकद एकदम मागच्या चाकावर टाकी, आणि चॅसीला ते पेलत नसे. त्या काळी ती कुप्रसिद्ध होती. आता तिच्या कुप्रसिद्धीलाही भाव आला आहे, हे जुन्या वस्तूंच्या बाजाराला साजेसेच म्हणावे लागेल.

परंतु या छंदातील जाणकारांना एकच गाडी निवडायला सांगितली, तर त्यांतले पुष्कळ जण १९८१ सालच्या ‘मायको ४९०’ कडे बोट दाखवतील. मायको म्हणजे माइश आणि कंपनी. जर्मनीतील ट्युबिंगेनजवळच्या फेफिंगेन गावचा एका कुटुंबाचा कारखाना. जपानी कंपन्यांच्या तुलनेत भांडवल तुटपुंजे, पण स्वारांचे ऐकण्याची सवय मोठी. १९७० च्या दशकाच्या मध्यास मागचे शॉक पुढे सरकवून बसवले, तर चाकाला वरखाली हलायला कितीतरी अधिक वाव मिळतो, हे मायकोने दाखवून दिले आणि अवघ्या खेळाचा नूर पालटला. ४९० चे इंजिन ४८८ सीसीचे, सिलिंडरचा व्यास ८६.५ आणि पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर. हवेने थंड होणारे, रचनेने साधे. तिची ताकद टीएम ४०० सारखी उसळून येत नसे. एखाद्या तयारीच्या बैलजोडीने चिखलातून गाडी ओढावी तशी ती खालपासून सलग येत असे. आणि वळणावर पुढचे चाक जिथे ठेवावे तिथेच राही. पाचशे सीसीचा जागतिक किताब मायकोला कधीही मिळाला नाही, तरी विकत घेता येणाऱ्या गाड्यांत तिच्या तोडीची दुसरी नव्हती, असे म्हणणारे आजही भेटतात.

त्याच मायकोला इंग्रजी मुलुखात ‘मायको-ब्रेको’ असेही म्हणत, कारण काहीतरी मोडायचेच. १९८२ च्या नव्या, एका शॉकच्या मॉडेलमध्ये मागचे हब आणि गिअरबॉक्स यांच्या तक्रारी वाढल्या. ज्या कारखान्याची सारी पत एका नावावर उभी असते, त्याला असा एक हंगाम पुरेसा होतो. १९८३ मध्ये मायकोचे दिवाळे निघाले. सर्वोत्तम गाडी आणि दिवाळखोरी यांत अवघ्या दोन वर्षांचे अंतर. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

चाळीस वर्षांनी अशी गाडी हाती येते तेव्हा पहिला शत्रू गंज नसतो. वजन वाचवण्यासाठी या काळातील शर्यतीच्या गाड्यांत मॅग्नेशियमचे ओतीव भाग सर्रास वापरले गेले, आणि ओलीत पडून राहिलेले मॅग्नेशियम पांढऱ्या भुग्याच्या रूपाने झिजत जाते. वरून अखंड दिसणारे झाकण आतून पोखरलेले निघते. त्यात अडकलेला पोलादी बोल्ट जोर लावून फिरवला तर बोल्ट निघत नाही, झाकणच तुटते. म्हणून ऊब द्यायची, तेल मुरवायचे, दोन दिवस वाट पाहायची, पुन्हा ऊब द्यायची. घाई असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

पुढचे काम क्रँकचे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचे मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच वर जाते, म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. क्रँकच्या टोकाचे रबरी सील कडक होऊन चिरले, की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापून फुगतो आणि भर वेगात सिलिंडरला चिकटतो. हे टाळण्यासाठी इंजिन जुळवल्यावर त्याची सारी तोंडे बंद करून आत हवेचा थोडा दाब देतात आणि काटा उतरतो का ते पाहत बसतात. क्रँक स्वतः दाबून बसवलेल्या तुकड्यांचा असतो. हायड्रॉलिक प्रेसवर तो वेगळा करायचा, नवा कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग घालायचे, पुन्हा दाबायचा आणि डायल गेज लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागांपर्यंत सरळ करायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एखादा जुना कारागीर हे वाचून मंद हसेल. हात तोच, लेथ तीच. फक्त समोरच्या सुट्या भागाचा कारखाना जगात उरलेला नाही.

सिलिंडरचे गणित वेगळे. झिजलेला सिलिंडर बोअर करून किंचित मोठा पिस्टन बसवणे आपल्याकडे प्रत्येक गॅरेजवाल्याला येते. परंतु प्रत्येक बोअरिंगबरोबर भिंत पातळ होते, आणि ओव्हरसाइझच्या पायऱ्या मोजक्याच असतात. त्या संपल्या की नवा लायनर. म्हणजे चालवलेला प्रत्येक तास या मोजक्या शिलकेतून वजा होतो. सायलेन्सरकडे जाणारा फुगीर पाइपही असाच नाजूक. त्याचा फुगवटा शोभेचा नसतो. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट त्यातून परत फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. म्हणून पाइपाला पोचा पडला तर ताकदीचा स्वभावच बदलतो.

नव्या काळाने आणखी एक अडचण आणली आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या फायबरग्लासच्या टाक्यांतील राळ विरघळवते, आणि तो चिकट रस कार्बोरेटरमध्ये उतरतो. याउलट जुना घटक टिकून आहे तो एरंडेलाचा. शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल वापरण्याची प्रथा इतकी जुनी, की ‘कॅस्ट्रॉल’ हे नावच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले. आज बरेच जण कृत्रिम ऑइल वापरतात, पण काही जण केवळ त्या गोडसर वासासाठी थोडे एरंडेल घालतात. जगात एरंडाचे सर्वाधिक उत्पादन भारतात, त्यातही गुजरातेत होते. बालपणी ज्याच्या नावाने नाक मुरडले, त्याचा सुगंध इंग्लंडच्या मैदानावर लोक हौसेने घेतात, हे आपल्याकडील आजीबाईंना पटणे कठीण.

खरा वाद यानंतर सुरू होतो. एखाद्या मंदिराच्या जीर्णोद्धारात जुना दगड किती राखावा आणि संगमरवर किती चढवावा, यावरून संघात जसे दोन तट पडतात, तसेच येथेही. एक पक्ष म्हणतो, चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक जुळले पाहिजेत, रंग कारखान्याचाच हवा, ओरखडेही मूळचे असले तर पुसू नयेत. दुसरा म्हणतो, मायकोचे मूळ शॉक काढून स्वीडनच्या ओलिन्स कंपनीचे बसवण्याची रीत १९८१ मध्येच होती. मग आज तसे करणे ही भेसळ कशी? या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. ज्या यंत्राला त्याच्या ऐन काळातही कुणी मूळ रूपात ठेवले नाही, त्याला आता मूळ रूपाची सक्ती करणे म्हणजे त्याचा इतिहासच पुसणे होय.

बाजाराचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. कागदपत्रांवर अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनचे नाव असलेली हस्कवार्ना लिलावात तशाच दुसऱ्या गाडीच्या कितीतरी पट किमतीला जाते. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या चित्रपटात तो अशाच चारशे सीसीच्या हस्कवार्नावर दिसला होता. अशी गाडी बहुधा काचेमागे जाते. सुट्या भागांचेही तसेच. कारखान्याच्या मूळ खोक्यातला, कधीच न उघडलेला पिस्टन खोके न उघडता अधिक किमतीचा ठरतो. कुणाच्या फडताळात असे पाच पिस्टन वर्षानुवर्षे पडून असतात, आणि दुसऱ्या कुणाची गाडी त्यांतल्या एकावाचून स्टँडवर उभी राहते. परिग्रह या शब्दाचा अर्थ शिकवण्यासाठी याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही. सुदैवाने जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत काही छोटे कारखानदार मायकोचे भाग नव्याने बनवतात, त्यामुळे खोक्यांचा तोरा थोडा उतरला आहे.

अमेरिकेत ‘अहर्मा’ या नावाने ओळखली जाणारी संस्था १९८६ पासून जुन्या गाड्यांच्या शर्यती भरवते. ओहायोतील मिड-ओहायोच्या मैदानावर जुन्या भागांचा मोठा बाजारही भरतो. इंग्लंडमध्ये फार्ले कॅसलच्या उतारावर मागे दोन शॉक असलेल्या गाड्यांचा मेळा प्रसिद्ध आहे. स्वारांत पन्नाशी-साठीचे पुष्कळ. त्यांना जपून चालवणे भागच असते, कारण ४९० चे ब्रेक जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, पाणी शिरले की निरुपयोगी. आणि थ्रॉटल सोडल्यावर फोर-स्ट्रोकसारखी गाडी आपोआप मंदावत नाही. अनुभवी माणूस म्हणून एक गिअर वरचाच ठेवतो, इंजिनाला सावकाश ओढू देतो आणि वळण येण्यापूर्वी फार आधी थांबण्याचा विचार करतो.

आता मोठे कारखाने अशा गाड्या नव्याने बनवत नाहीत. अमेरिकेतील पाचशे सीसीची राष्ट्रीय मालिका १९९३ नंतर बंद झाली, होंडाची सीआर ५०० २००१ च्या मॉडेलनंतर आणि कावासाकीची केएक्स ५०० २००४ नंतर थांबली. जे आहे ते एवढेच.

शर्यत संपल्यावर चिखल धुतला जातो, फोमचा एअर फिल्टर पिळून नव्या तेलात बुडवला जातो, मागचे आरे एकेक हाताने तपासून घट्ट केले जातात. काही जण वही ठेवतात: तारीख, मैदान, किती मिनिटे चालवली, ऑइलचे प्रमाण किती, प्लगचा रंग कसा होता. हंगामाच्या शेवटी सिलिंडर उतरवून व्यास मोजतात आणि त्या वहीत, डाव्या हाताच्या रकान्यात, ओव्हरसाइझच्या किती पायऱ्या उरल्या तो आकडा लिहितात.