ग्रीकांची कांस्य नाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडरचा मृत्यू झाला आणि इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राचा इजिप्त रोमच्या ताब्यात गेला. मधल्या तीन शतकांना हेलेनिस्टिक कालखंड म्हणतात. या काळातल्या सोन्या-चांदीच्या नाण्यांचं कौतुक भरपूर होतं. रोजच्या बाजारात हातोहात फिरलेली कांस्याची नाणी मात्र उपेक्षित राहतात, आणि त्यांच्याविषयी गैरसमजही फार आहेत.

गैरसमज : चांदी संपली की नाइलाजाने कांस्याची नाणी पाडत.
वस्तुस्थिती : अडचणीच्या काळात तसं घडलंही, पण खरी गरज सुट्ट्या पैशांची होती. अथेन्समध्ये सहा ओबोलचा एक द्राख्मा आणि आठ खाल्कसचा एक ओबोल होई. चांदीचा ओबोलच जेमतेम ०.७ ग्रॅमचा. त्याचा आठवा हिस्सा चांदीत पाडला, तर तो चिमटीतूनही निसटायचा. कांस्यात तेवढ्याच किमतीचं नाणं नीट हाताळता येई.

गैरसमज : नाण्याची किंमत म्हणजे त्यातल्या धातूची किंमत.
वस्तुस्थिती : कांस्य नाणं धातूच्या मोलापेक्षा जास्त किमतीला चाले, ते नगराच्या किंवा राजाच्या शब्दावर. डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीवरच्या सेस्टोस नगराने इ.स.पू. दुसऱ्या शतकात मेनास या नागरिकाचा गौरव करणारा शिलालेख कोरला. नगराने स्वतःची कांस्य नाणी का पाडली, याची दोन कारणं त्यात स्पष्ट दिली आहेत : नगराची मुद्रा चलनात राहावी आणि त्यातून होणारा नफा लोकांना मिळावा. देखरेखीचं काम सोपवलं होतं मेनासकडे. स्वाभिमान आणि उत्पन्न या दोन्ही गोष्टी त्या छोट्या नाण्याने साधल्या.

गैरसमज : ही नाणी थेट साच्यात ओतलेली असत.
वस्तुस्थिती : साच्यात ओतत ती कोरी चकती. मग ती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकत. इजिप्तच्या टॉलेमी राजांची सर्वांत मोठी कांस्य नाणी सुमारे ९० ग्रॅमची होती. त्यांवर एका बाजूला मेंढ्याची शिंगं असलेला झ्यूस-अम्मोन, दुसऱ्या बाजूला गरुड. बहुतेकांच्या मधोमध एक बारीक खळगा दिसतो. तो घावही नव्हे आणि झीजही नव्हे. चकती घडवतानाच राहिलेली ती खूण आहे.

गैरसमज : नाणं गोलच असतं आणि त्यावरचा चेहरा राजाचाच असतो.
वस्तुस्थिती : अलेक्झांडरच्या कांस्य नाण्यांवर सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस आहे. वायव्य भारतात तर इथल्या परंपरेला धरून ग्रीक राजांनी चौकोनी नाणी पाडली. मिनांडरच्या, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या मिलिंद राजाच्या, एका नाण्यावर चेहराच नाही. तिथे आठ आऱ्यांचं चक्र आहे. एका बाजूला ग्रीक लेख, दुसरीकडे खरोष्ठी लिपीतला प्राकृत लेख.

गैरसमज : जुनं नाणं चिंच-लिंबाने घासून लख्ख करावं.
वस्तुस्थिती : घट्ट बसलेला हिरवा वा तपकिरी थर नाण्याचं रक्षण करतो आणि त्यावरच्या बारीक रेषाही जपतो. तो घासला की अक्षरंही जातात. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर क्लोराइड आणि दमटपणामुळे धातू कुजू लागला आहे असं समजावं. अशा वेळी नाणं कोरड्या जागी ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. घरच्या घरी कोणताही प्रयोग करू नका. पुसलं गेलेलं अक्षर पुन्हा उमटत नाही.