सुगंधी ऑर्किडचे घरगुती संगोपन व संकर : मुक्ताईनगर परिसराच्या संदर्भात

ऑर्किड ही सिक्कीम, आसाम किंवा फार तर कोकणच्या दमट हवेतील वनस्पती होय, असा सर्वसाधारण समज आहे. वैशाखात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचणाऱ्या मुक्ताईनगरात (पूर्वीचे एदलाबाद) ती घरी वाढवावी आणि तीही सुवासासाठी, ही कल्पना त्यामुळे प्रथमदर्शनी अव्यवहार्य वाटते. बाजारातून आणलेली फॅलेनॉप्सिसची कुंडी येथील पहिल्याच उन्हाळ्यात दगावते आणि हा समज अधिकच दृढ होतो. तथापि दोष बहुधा हवामानाचा नसून निवडीचा असतो.

व्हँडा टेसेलाटा ही प्रजाती या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. भारतातील कोरड्या पानझडी वनांत, सातपुड्याच्या रांगांतही, आंबा-मोहासारख्या वृक्षांच्या खोडांवर ती आढळते. ग्रामीण भागात तिला अनेकदा बांडगूळ समजून काढून टाकले जाते. हा गैरसमज जुना आहे. ‘व्हँडा’ हे नाव ज्या ‘वन्दा’ या संस्कृत शब्दावरून आले, तो शब्दही वृक्षावर वाढणाऱ्या वनस्पतींसाठी वापरला जात असे. सर विल्यम जोन्स यांनी १७९५ मध्ये तो वनस्पतिशास्त्रात आणला. वस्तुतः ऑर्किड आधारवृक्षाचा रस शोषत नाही. ते केवळ आश्रय घेते आणि पाणी हवेतून व पावसातून मिळवते. या वनस्पतीच्या मुळ्या ‘रास्ना’ या नावाने औषधात, विशेषतः बंगालमध्ये, वापरल्या जातात. उत्तरेत मात्र रास्ना म्हणून वेगळीच वनस्पती ओळखली जाते.

या प्रजातीची फुले तपकिरी-पिवळसर, जाळीदार रेषांची असून ओठ निळसर-जांभळा असतो. आकर्षक आकाराच्या निकषावर ती मागे पडतील. परंतु त्यांचा गोड सुवास हेच त्यांचे बलस्थान आहे. सिंगापूर येथे व्हँडा टॅन चे यान या वाणावर टेसेलाटाचे पराग घालून ‘व्हँडा मिमी पामर’ हा संकर तयार करण्यात आला व १९६३ मध्ये त्याची नोंद झाली. आजही तो सुवासासाठी प्रसिद्ध आहे आणि तो सुवास पितृवंशाकडून आला असे मानले जाते. मलेशियातील संशोधकांनी या संकराच्या सुगंधद्रव्यांचा व त्यांमागील जनुकांचा अभ्यास केला आहे. आपल्याकडे बांडगूळ म्हणून तोडली जाणारी वनस्पती परदेशात पैदाशीचा कणा ठरावी, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

संगोपनात माती पूर्णतः वर्ज्य होय. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळसा व विटांचे तुकडे घालून रोप टांगावे. मुळ्या बाहेर लोंबकळल्या तरी चालतात. त्यांच्यावरील रुपेरी स्पंजासारखा थर पाणी शोषताच हिरवा दिसतो. तो पुन्हा रुपेरी झाला की पुढचे पाणी द्यावे, हे पाणी देण्याचे सर्वांत सोपे गमक होय. पूर्वेकडील ओसरी किंवा निम्मी सावली देणारी हिरवी जाळी पुरेशी असते. मार्च ते जून या काळात पहाटे मुळ्या पूर्ण भिजवाव्यात, सायंकाळी फवारा मारावा आणि पश्चिमेच्या झळा वाळ्याच्या ओल्या पडद्याने अडवाव्यात. खरी अडचण उष्णतेपेक्षा कोरडेपणाची व क्षारांची आहे. कूपनलिकेच्या जड पाण्याने मुळ्यांवर पांढरी पुटे चढतात. शेजारील विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा तर सर्वज्ञातच आहे. पावसाचे पाणी साठवून ठेवणे म्हणूनच खतापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

संकराचे कार्य हाताने सहज साधते. ऑर्किडचे पराग सुटी भुकटी नसून मेणासारख्या पिंडांत असतात. उमलून काही दिवस झालेल्या फुलातील परागपिंड दातकोरणीच्या टोकाने उचलून दुसऱ्या झाडाच्या फुलातील चिकट कुक्षीवर ठेवावेत. तत्पूर्वी त्या फुलाचे स्वतःचे पिंड काढून टाकावेत. फूल लवकरच कोमेजते, अंडाशय फुगतो आणि बोंड पक्व होण्यास अनेक महिने लागतात.

पुढील टप्पा मात्र घरगुती छंदाची मर्यादा दाखवतो. बोंडातील असंख्य बिया धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत भ्रूणपोष नसतो. निसर्गात विशिष्ट कवकाच्या साहाय्याशिवाय त्या रुजत नाहीत, हे नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवले. लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त आगर माध्यमावर कवकाविना बिया रुजवल्या आणि पैदाशीचा मार्ग खुला झाला. बोंड फुटण्यापूर्वी हिरवे असतानाच काढल्यास बाहेरील पृष्ठभाग निर्जंतुक करणे पुरते, कारण आतील बिया निर्जंतुकच असतात. या माध्यमात पिकलेल्या केळीचा गर मिसळण्याची पद्धत जगभर आहे. रावेर-मुक्ताईनगरच्या केळी पट्ट्यात तरी त्याचा तुटवडा भासू नये! ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळीमुळे जळगाव जिल्ह्यात काचपात्रातील रोपे अपरिचित राहिलेली नाहीत. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांतील ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा छंदप्रेमींची बोंडे स्वीकारू लागल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष साहित्य लाभेल. वनातून रोपे ओरबाडण्याचे कारणही कमी होईल. संपूर्ण ऑर्किड कुल साइट्स कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहे आणि राखीव वनातून झाडे उचलणे हा गुन्हा आहे. मातृवृक्ष रोपवाटिकेतूनच घ्यावेत.

काचपात्रातून बाहेर पडलेले रोप फुलण्यास काही वर्षे जातात. सुवासाचा वारसाही निश्चित नसतो: एकाच बोंडातील भावंडांपैकी काही सुगंधी, काही जवळजवळ निर्गंध निघतात. सुवासाची तीव्रता प्रहरानुसार बदलते. म्हणून सकाळी, दुपारी व सायंकाळी वास घेऊन वहीत नोंद केल्याविना कोणतेही रोप बाद ठरवू नये. नव्या संकराची नोंद लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे करता येते. मात्र त्यासाठी दोन्ही पालकांची नावे ज्ञात असावी लागतात. परागपिंड ठेवल्याक्षणीच पालकांची नावे व तारीख लिहिलेली चिठ्ठी फुलाच्या देठाला बांधावी, आणि ती शाई पावसात विरघळणार नाही याची खात्री करून घ्यावी.