‘फुटबॉल मॅनेजर’मधील दीर्घकालीन वर्चस्व

१९९२ मध्ये अवतरलेल्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’चा वारसा सांगणाऱ्या ‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकीय खेळात एखादे विजेतेपद मिळवणे तितकेसे अवघड नसते. अवघड असते ते पहिली यशस्वी पिढी निवृत्त झाल्यावरही क्लबला शिखरावर टिकवणे.

खेळाडूचे गुण येथे १ ते २० या अंकांत दिसतात, मात्र त्याची सद्य क्षमता आणि तो जास्तीत जास्त गाठू शकेल ती संभाव्य क्षमता २०० पैकी मोजली जाऊन पडद्याआड राहते.

अकादमीत दरवर्षी दाखल होणारे ‘न्यूजेन’, म्हणजे संगणकानेच घडवलेले काल्पनिक खेळाडू, निवडताना ताऱ्यांच्या मानांकनावर भुलू नये, कारण तो केवळ प्रशिक्षकांचा अंदाज असतो आणि व्यावसायिक वृत्ती नसलेला गुणी मुलगा त्या उंचीपर्यंत बहुधा पोहोचतच नाही. अशा मुलाला शिस्तप्रिय ज्येष्ठांच्या मेंटॉरिंग गटात, म्हणजे स्वभाव घडवणाऱ्या छोट्या गटात, ठेवावे.

युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, स्पर्धांसाठीच्या २५ जणांच्या यादीत ८ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्यांसाठी राखीव असतात व त्यांपैकी किमान ४ जण क्लबनेच घडवलेले लागतात, त्यामुळे अकादमीवरचा खर्च ही हौस नव्हे.

तिशीकडे झुकलेला नामवंत खेळाडू मात्र भाव आहे तोवरच विकावा. चाहते कुरकुरतील, कुरकुरू द्यावे.